सोदाहरण स्पष्ट करा

एप्रिल लागला की आमच्या अमरावतीत दोन गोष्टी एकाच आठवड्यात होतात. घरोघरी कूलरमधलं जुनं गवत काढून नवं भरतात आणि माझ्या फोनवर व्हॅल्युएशनचा मेसेज येतो. नव्या गवतावर पहिलं पाणी पडलं की ओला, लाकडासारखा वास सुटतो. त्या वासानं लोकांना दुपारची झोप येते, माझी उडते. मला तो कूलरचा वास वाटतच नाही, उत्तरपत्रिकांचा वाटतो. आणि त्या वासामागून एक माणूस येतो. तो कुणाच्या तरी घराच्या ओट्यावर बसलेला असतो. त्याला मी कधी पाहिलेलं नाही.

यंदाही मेसेज आला. विषय नीतिशास्त्र, बी.ए. भाग एक, उन्हाळी परीक्षा. मला निवृत्त व्हायला दोन वर्षं राहिली आहेत, म्हणजे हा उन्हाळा धरून अजून दोनदा हे सोसायचं. आता पूर्वीसारखे सुतळीनं बांधलेले गठ्ठे नसतात. पानं स्कॅन होऊन पडद्यावर येतात आणि आपण बटण दाबून मार्क टिपायचे. लाल पेन गेलं, समासात शेरा लिहायची सोय गेली, आणि चार वाजताचा चहा ज्याचा तो आपापल्या पडद्यासमोर पितो. जुने लोक याबद्दल हळहळतात. मी हळहळत नाही, आणि त्याला कारण आहे.

नीतिशास्त्र शिकवते म्हटलं की लोक जरा जपूनच वागतात. शेजारच्या काकू माझ्यासमोर सुनेबद्दल चकार शब्द काढत नाहीत. मी आत गेले की मग सुरू होतात. त्यांना वाटतं, ही बाई मनातल्या मनात आपल्याला मार्क देत असणार. आता पाककृतींची पुस्तकं विकणाऱ्याच्या घरीही भाजी करपतेच की! पण हे काकूंना सांगणार कोण, आणि सांगून माझाच मान कमी व्हायचा.

शिकवायचं म्हणजे काय, पहिल्या वर्षाच्या मुलांना तीन वाटा दाखवायच्या. पहिली कर्तव्यवादाची. जे करणं योग्य ते करायचं, मग त्यातून काहीही निघो. दुसरी उपयुक्ततावादाची. ज्यातून जास्तीत जास्त माणसांचं जास्तीत जास्त भलं होईल, ते योग्य. तिसरी सद्गुणांची. आपण काय करावं याच्या आधी आपण कसं माणूस व्हावं, हे विचारायचं. ही तिसरी वाट आमची पोरं दर वर्षी ऑप्शनला टाकतात. गाईडमध्ये तिच्यावर दीडच पान आहे, त्यांचा तरी काय दोष!

पहिल्या दोन वाटांमधला फरक सांगायला एक ठरलेलं उदाहरण आहे. जुन्या काळच्या कुणा जर्मन तत्त्वज्ञानं ते दिलं आणि जगभर फिरत फिरत ते गाईडमधून आमच्या तिवसा-दर्यापूरपर्यंत पोचलं. तुमच्या घरात तुमचा मित्र लपला आहे. त्याचा खून करायला निघालेला माणूस तुमच्या दारात येऊन विचारतो, तो घरात आहे का? आता खरं सांगायचं की खोटं? त्या तत्त्वज्ञाचं म्हणणं, खोटं बोलणं कधीच योग्य नाही, इथंसुद्धा नाही. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "मॅडम, त्याले आधी बस तं म्हना. पानी द्या. तवरक मित्राले मांगच्या दारानं काढा." वर्ग हसतो. मीही हसायचे. वऱ्हाडी माणसाला कोणतंही तत्त्वज्ञान द्या, तो आधी पाणी विचारणार.

मी वाढले अकोल्यात. बाबा वकील होते आणि खोटं बोलत नसत, त्यामुळे आमच्याकडे अशील कमी आणि बैठकीत जागा भरपूर. अकोल्याच्या एप्रिलमधल्या दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. बाबा कोर्टातून येत, डोक्याला गुंडाळलेला ओला पंचा काढून दांडीवर टाकत आणि आतल्या खोलीत फरशीवरच आडवे होत. नेमकं तेव्हाच कुणीतरी चिकट माणूस कडी वाजवी. आई दारात जाऊन सांगे, "घरी नाहीत ते. मूर्तिजापूरला गेले." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत आतून बाबांचा आवाज येई, "आहे मी. बसा, आलोच." मग पाहुणा तासभर बसे. तो गेल्यावर आई कपबश्या विसळता विसळता म्हणे, "खरं तुमचं राहते अन् तोंड माझं काळं होते."

आम्ही भावंडं बाबांच्या बाजूची. खरं बोलणाऱ्याच्या बाजूला उभं राहिलं की आपल्यालाही उंच वाटतं. आतल्या खोलीतून येणाऱ्या त्या आवाजामुळेच मी पुढे नीतिशास्त्र घेतलं, असं मी सत्कारांत आणि निरोपसमारंभांत कितीदा तरी सांगितलं आहे. आईला त्या वेळी कसं वाटत असेल, हे माझ्या भाषणात कधी आलं नाही.

तो उन्हाळा बारा वर्षांपूर्वीचा. व्हॅल्युएशन एका कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये होतं. चार कोपऱ्यांत चार कूलर घरघरायचे, त्यांच्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही ओरडून ऐकावं लागे. सकाळी बाया ओढणी तोंडाला गुंडाळून, नुसते डोळे उघडे ठेवून यायच्या. पुरुषांच्या खिशात कांदा असायचा, ऊन लागू नये म्हणून. दुपारपर्यंत हॉलमध्ये कांदा, ओलं गवत आणि शाई यांचा मिळून एक वास तयार होई. बाहेर कडुनिंबाचा बारीक फुलोरा गळत असे आणि खिडकीतून येऊन उघड्या पानांवर पडे. फुंकर मारून तो उडवायचा आणि पुढचं उत्तर वाचायचं.

उत्तरपत्रिकेवर कुणाचं नाव नसे. नंबराचा भाग दुमडून चिकटवलेला असायचा आणि वर एक कोड टाकलेला. कोणता कोड कुणाचा, याची वही कोपऱ्यातल्या एका खोलीत एका बाबूकडे असायची. तपासणाऱ्यानं त्या खोलीत जायचं नाही, हा नियम. नियम चांगलाच होता. ओळखीपाळखीचं दुखणं आपल्याकडे सगळ्यांनाच आहे.

आणि दुसरा एक रिवाज होता, तो कुठल्याही नियमात लिहिलेला नव्हता. मुलं उत्तरपत्रिकेत तपासणाऱ्याला विनवण्या लिहितात. "सर, माझे साक्षगंध झाले आहे, पास करा." "मॅडम असाल तर आईच्या मायेने बघा, सर असाल तर वडिलांच्या." एकानं सबंध पुरवणीभर आपल्या म्हशीच्या आजारपणाची हकिगत लिहिली होती, शेवटी सही करून. असं काही सापडलं की पानात खूण घालून ठेवायचं आणि चार वाजता चहाबरोबर मोठ्यानं वाचायचं. दिवसभर मान मोडून बसलेली माणसं तेवढंच हसायची. वाचायचं काम माझ्याकडे. मला नकला येतात. रडवेली मुलगी, गयावया करणारा मुलगा, सगळे आवाज. चार वाजले की शेजारच्या टेबलावरून गावंडे सर विचारायचे, "काय मॅडम, आज कोनती भेटली?" गावंडे सर दर्यापूरकडच्या एका कॉलेजात माझाच विषय शिकवत. घरची काळी जमीन, सुट्टीत वखरावर उभा राहणारा माणूस. त्यांना हसायला सगळ्यांत आधी यायचं.

त्या दिवशी मला जी सापडली, तिच्या अक्षराची एक लकब होती. शब्दाशब्दावर वेगळी रेघ न देता तिनं सबंध ओळीवर एकच लांब रेघ ओढली होती. दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखे शब्द खाली लोंबत होते. प्रश्न चौथा, सोळा गुण. कर्तव्यवाद व उपयुक्ततावाद यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा. व्याख्या तिनं जेमतेम दिल्या होत्या. मग उदाहरण होतं. मी वरवर चाळलं, आकडेमोड दिसली, हसू आलं, आणि पानात खूण घातली.

चार वाजता उभं राहून मी ते वाचलं. शाळकरी मुलीचा, पाठ म्हटल्यासारखा आवाज काढला होता. आता ते मला पाठच आहे.

"उदाहरणार्थ, समजा एका मुलीची मोठी बहीण आहे. तिचे लग्न झाले आहे. ती सासरहून न सांगता निघून आली आहे. तिच्या पाठीवर वळ आहेत. ती घरी आली नाही, कारण घरचे तिला परत नेऊन सोडतात. याआधी दोन वेळा सोडले. ती कुठे आहे ते फक्त लहान बहिणीले माहीत आहे. आज सकाळी भावजी आले आहेत. ते ओट्यावर बसले आहेत. बाबांनी लहान बहिणीच्या हातावर तुळशीचे पान ठेवले आणि म्हणाले, खरे सांग. ती म्हणाली, माझा पेपर आहे, आल्यावर सांगते. बाबा कधी खोटे बोलत नाहीत आणि त्यांनी आम्हाला कधी खोटे बोलू दिले नाही. कर्तव्यवादानुसार तिने खरे सांगितले पाहिजे. उपयुक्ततावादानुसार जास्त माणसांचे सुख पाहिले पाहिजे. आमच्या घरी सहा माणसे आहेत. भावजींकडे पाच आहेत. सगळे म्हणतात की ताईने परत जावे. ताई एकटी आहे. म्हणजे दोन्ही सिद्धान्तांनुसार सांगितले पाहिजे असे येते. पण"

तिथं उत्तर संपलं होतं. खाली अर्धं पान कोरं.

"सहा अन् पाच अकरा!" कुणीतरी म्हणालं, "पोरीनं बेरीज तं बरोबर केली." हॉल खदखदून हसला. मीही मान झुकवून दाद घेतली. गावंडे सरही हसत होते, मग त्यांचा कप खाली यायला लागला. बशीत ठेवून ते म्हणाले, "मॅडम, हे उदाहरन नाई वाटून राह्यलं मले."

"सर, 'समजा' म्हटलंय तिनं."

"समजा म्हटलं, पन तुळशीचं पान कोनी मनानं लिहीत नाई. पेपरले बसली होती ते पोरगी अन् घरी तो ओट्यावर बसून होता."

बाकीचे आपापल्या टेबलाकडे निघाले होते. मी म्हटलं, "पेपर होऊन बावीस दिवस झाले, सर. जे व्हायचं ते कधीच होऊन गेलं." हे म्हणायला मला एक क्षणही लागला नाही. उत्तर जसं काही तयारच होतं.

"होऊन गेलं का चालू आहे, ते इथून तुमाले कसं समजते? त्या बाबूले नंबर मांगा न. कॉलेजात फोन करा. देल्ला तं देल्ला, नाई तं नाई."

मी उठले. खरंच उठले, एवढं मात्र मी स्वतःला आजवर सांगत आले आहे. ती उत्तरपत्रिका हातात घेऊन कोडिंगच्या खोलीपर्यंत गेले. दार अर्धं उघडं होतं. आत बाबू कोडांच्या चिठ्ठ्या लावत बसला होता, पंख्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येक ढिगावर त्यानं एकेक खडा ठेवला होता. तो मान वर करणार एवढ्यात मी मागे वळले. मनात काय होतं ते सांगते. आपण तपासणाऱ्यांनी इथं यायचं नाही, हे होतं. बाबू हसेल, हे होतं. अजून अकरा उत्तरपत्रिका उरल्या आहेत आणि आईकडे जायला साडेपाचची अकोल्याची बस गाठायची आहे, हेही होतं. आणि या सगळ्याला मी वाटेतल्या वाटेत कर्तव्य असं नाव दिलं. विषयच माझा, नाव शोधायला वेळ लागला नाही.

जागेवर येऊन मी लाल पेन उघडलं. ते उत्तर तसंच ठेवता आलं असतं, फेरतपासणी करणाऱ्या मॉडरेटरकडे पाठवता आलं असतं. पण त्याला मार्क दिले की ते उत्तर होणार होतं, इतर शंभर उत्तरांसारखं एक. सोळापैकी पाच दिले. समासात लिहिलं, 'उदाहरण अप्रस्तुत. निष्कर्ष नाही.' बेरीज केली तेव्हा दिसलं, पास व्हायला तिला चार मार्क कमी पडत होते. तेही मी तसेच राहू दिले. गावंडे सर टेबलावरून पाहत होते. त्यांनी आपला पुढचा गठ्ठा सोडला.

बस बडनेऱ्यावरून निघाली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं, पण वारा अजून भट्टीचा. रस्त्याकडेच्या एका गावात एका घराच्या ओट्यावर एक माणूस बसला होता. पांढरा शर्ट, बाजूला पिशवी, समोर पाण्याचा तांब्या. कुणीही असेल तो. पण बस पुढे गेल्यावरही मी मान वळवून पाहत राहिले. त्याचा चेहरा चांगला होता.

तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की त्या जर्मन उदाहरणात काय नाही. तिथं दारातला माणूस खुनी आहे, हे आधीच सांगून टाकलेलं असतं. आमच्याकडे तो जावई असतो. त्याला पाणी दिलं जातं, चहा होतो, पोहे होतात, त्यावर कोथिंबीर आणि लिंबाची फोड. सासू डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणते, जावयाले पंखा लावा. त्याच घरातली एक मुलगी त्याच्यासमोरून पॅड आणि पेन घेऊन पेपरला जाते आणि तीन तास त्याला ओट्यावर बसवून ठेवते. मागच्या दारानं काढायला तिच्याकडे कुणी मित्र नसतो. तिच्याकडे फक्त मी शिकवते तो धडा असतो.

अकोल्याच्या घरी पोचले तेव्हा अंधार पडला होता, आई गच्चीवरून कुरड्यांचं प्लास्टिक गोळा करत होती. बाबा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. हातपाय धुऊन मी तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल, तुझं बरोबर होतं. आईनं कुरड्या डब्यात भरता भरता विचारलं, "ती ताई होती कुठं पण?"

"लिहिलं नव्हतं."

"जेवायला कोण देत होतं तिला?"

हे माझ्या मनातच आलं नव्हतं. कुठल्यातरी गोठ्यात, मैत्रिणीच्या माडीवर, शेतातल्या खोलीत एक बाई पाठीवर वळ घेऊन बसली आहे आणि धाकटी बहीण पेपरच्या निमित्तानं डबा बांधून घराबाहेर पडली असेल, त्यातली भाकर तिला देऊन मग केंद्रावर गेली असेल. आई म्हणाली, "तुझ्या पुस्तकातल्या माणसांना भूक लागत नाही वाटते." मग डब्याचं झाकण लावत म्हणाली, "मी दारात खोटं बोलायची ना, ते तुझ्या बाबांनी तास दोन तास पडावं म्हणून. ते मलाच खोटं पाडायचे. मला नाही कोणी विचारलं कधी, की तू काहून बोलते."

मी खूप वाईट रात्र काढली वगैरे म्हणणार नाही. दिवसभराची थकलेली होते, झोप लागली. जे लागलं ते नंतर, आणि हळूहळू लागलं. वर्गात ते जुनं उदाहरण सांगताना जीभ अडखळू लागली. मागच्या बाकावरून "त्याले पानी द्या" आलं की सगळे हसत आणि मी फळ्याकडे वळून उगाच काहीतरी लिही. दारातल्या माणसाला काय उत्तर द्यावं, याचे सिद्धान्त आहेत. पण ज्याच्या हातात हे सगळं लिहून दिलं, ज्यानं ते नकला करून वाचलं आणि पान उलटलं, त्याच्याबद्दल मला कुठल्याच पुस्तकात काही सापडलं नाही. मी शोधलं. मला माझी लाज वाटत होती, आजही वाटते.

ती नापास झाली होती, म्हणजे हिवाळी परीक्षेला बसणार होती. मी स्वतःहून हिवाळीच्या तपासणीला नाव दिलं. हिवाळीचे गठ्ठे बारीक असतात, सगळी मागे राहिलेली मुलं. मी उत्तर वाचायच्या आधी अक्षर पाहायचे. ओळीवरची ती लांब रेघ कुठंच नव्हती. शेवटचा गठ्ठा संपला तेव्हा गावंडे सरांनी नुसतं विचारलं, "आली काय?" मी नाही म्हणून मान हलवली. त्या थंडीत मला वर्तमानपत्रातली आतली पानं वाचायची सवय लागली. विहिरीत सापडलेल्या, स्टोव्हनं भाजलेल्या, गावाचं नाव असलेल्या आणि स्वतःचं नाव नसलेल्या बाया. वलगाव, तिवसा, कुठलीही. ही ती ताई असेल का, असं म्हणत मी चहा थंड करायचे.

तेव्हापासून मी कुणाचंही 'समजा' पूर्ण वाचते. पडद्यावरसुद्धा. माझ्या उत्तरपत्रिका इतरांपेक्षा मागे पडतात, वरून विचारणा होते, मी चष्म्याचा नंबर वाढल्याचं कारण सांगते. खोटं आहे ते. आणि चहाबरोबर मी पुन्हा कधी काही वाचून दाखवलं नाही. पहिल्या वर्षी लोकांनी आग्रह केला. मग त्यांनी दुसरी वाचणारी शोधली. पुढे पडदे आले आणि तो रिवाज आपोआपच बंद झाला.

ती मुलगी सापडली ती त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. पुन्हा तोच हॉल, ते चार कूलर, पानांवर निंबाचा फुलोरा. गठ्ठ्यातली एक उत्तरपत्रिका उघडली आणि ओळीवर ओढलेली ती लांब रेघ दिसली. शंका नव्हती, दोरीवरचे तेच कपडे. मी बाकीचं सगळं सोडून थेट चौथ्या प्रश्नावर गेले. प्रश्नही तोच आला होता. आणि उत्तरात पहिलाच शब्द होता, 'समजा'. मला वाटलं, आता कळणार. ती सांगणार मला.

"समजा, तुमच्या घरात तुमचा मित्र लपला आहे. त्याचा खून करण्यासाठी एक माणूस तुमच्या दारात आला आहे."

गाईडमधलं, स्वल्पविरामासकट. मित्र, खुनी, दार. ओटा नव्हता, तुळशीचं पान नव्हतं, सहा आणि पाच नव्हते. दोन रकाने आखून फरकाचे सात मुद्दे दिले होते. आणि शेवटी, पट्टीनं दोनदा अधोरेखित करून लिहिलं होतं, 'निष्कर्ष : सत्य बोलणे हे आपले कर्तव्य आहे. परिणाम काहीही होवोत.'

मी पान गावंडे सरांपुढे धरलं. त्यांनी आधी अक्षर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. "चाला, पोरगी सलामत आहे न! अभ्यास करून राह्यली. पास करा अन् आता तरी डोक्यातून काढा, मॅडम."

"सर, प्रश्न हिचा नव्हता. ताईचा होता."

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि पुन्हा लावला.

या वेळी मी कोडिंगच्या खोलीत आत गेले. बाबू तोच होता, चिठ्ठ्यांवर खडेही तसेच. त्यानं विचारलं, "बोला मॅडम, काय काम होतं?" मी तोंड उघडलं आणि मला कळलं की काम सांगता येण्यासारखं राहिलेलं नाही. एका मुलीनं मागच्या वर्षी मला काहीतरी विचारलं होतं आणि मी तिला पाच मार्क दिले, हे काय काम झालं? मी म्हटलं, "काही नाही, पाणी हवं होतं." त्यानं माठातलं पाणी दिलं. मी उभ्यानं प्याले आणि परत आले.

मग ते उत्तर मी सावकाश, शेवटपर्यंत वाचलं. पहिल्या वेळी तिनं विचारलं होतं, आता विचारणं सोडलं होतं. कागदावर जीव मोकळा केला तर पाच मिळतात आणि पैसे भरून झेरॉक्स मागवली तर समासात लिहून येतं की हे उदाहरण चालणार नाही, एवढं ती शिकली होती. ते तिला मीच शिकवलं होतं. त्या दुपारी पेपर सुटल्यावर ओट्यावरच्या माणसासमोर तिनं काय सांगितलं, ते त्या अधोरेखित ओळीत आहे की ती ओळ नुसती पाठ केलेली आहे, हे मला आजही माहीत नाही. उत्तरात चूक मात्र एकही नव्हती. मी लाल पेन उघडलं आणि सोळापैकी चौदा दिले. समासात लिहायला काही नव्हतं. निष्कर्ष होता.